सासूबाईंच्या पेशी

आता कुठल्या तोंडाने सांगू? पण सांगतेच, नाहीतर आमच्या मुळशीत दुसरं कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेल.

लग्नाला तीन महिने झाले होते. मी मुळात अबोल. विचारण्यापेक्षा बघत राहणारी. तर बघितलं काय? सासूबाई गुपचूप पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आल्या, आणि दंडावर ही एवढी पट्टी!

"आई, काय झालं?"

"काय न्हाई. बारीक तुकडा काढलाय. तुज्या नवऱ्याला बोलू नको."

तुकडा! माणसाचा तुकडा कशासाठी काढतात, हे मी तुम्हाला सांगायला हवं का? त्यात त्या खोकल्या की घाईघाईने मोरीत पळायच्या. नक्की रक्त पडत असणार! मी बाहेर उभी, तोंडावर हसू.

महिनाभराने त्या भाताच्या आवणीला खाचरात गेल्या, फोन घरीच. दवाखान्याचा फोन आला. मी उचलला.

"आईंच्या पेशी मस्त वाढल्यात हं! मंगळवारी या." फोनवरची पोरगी चक्क खुशीत!

नवरा पिरंगुटला कारखान्यात, त्याचा फोन बंद. मी नणंदेला लावला. "वन्सं, आईंना…" एवढंच म्हणाले आणि रडले. बाकीचं त्यांनी समजून घेतलं.

तासाभरात जीप दारात! नणंद, मावससासूबाई, चुलत सासरे, शहाळी, सफरचंदं. अंगणात रडारड. तेवढ्यात सासूबाई आल्या, गुडघाभर चिखल. गर्दी बघून थबकल्या.

"आगं बया! कोन गेलं?"

सगळ्यांनी त्यांच्याचकडे बघितलं.

मावससासूबाईंनी गळा काढला, "आक्का, काय खावंसं वाटतंय गं तुला?"

"मला? कुनी काय सांगितलं तुमास्नी?"

सगळे माझ्याकडे वळले. "पेशी… वाढल्यात म्हणाले," मी पुटपुटले.

सासूबाईंनी चुलत सासऱ्यांकडे पाहिलं, पदर ओढून घेतला. पोटच्या लेकीलाही सांगितलं नव्हतं, ते बिचारीला भरल्या अंगणात सांगावं लागलं. खोकलं, शिंकलं, पोतं उचललं की लघवी सुटते. म्हणून दंडाच्या स्नायूचा तुकडा काढून त्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. आता त्या लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूत टोचायच्या. "नवा उपाय हाय, लागू पडंलच आसं न्हाई. म्हून बोलले न्हाई कुनाला."

चुलत सासरे शहाळं निरखत बसले. मावससासूबाईंचे डोळे मात्र क्षणात कोरडे. "आक्का, माजा दंड बगतील का गं?"

सगळे गेल्यावर मी पाया पडायला गेले. सासूबाईंनी मला शांतपणे समोर बसवलं.

"हे बग सूनबाई, मी मेले की मी सोता येऊन तुला सांगन. तवर कुनाला फोन लावायचा न्हाई."