पगडी बांधणारा हात

मंडळी, माझा खांदा निखळून टेंडन फाटला होता. ऑपरेशनला चार महिने झाले. हात अडकवायची गळ्यातली झोळी सहा आठवड्यांत काढायची होती. पुन्हा निखळेल या भीतीनं मी ती तीन महिने काढलीच नाही. आता फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणतात, "बहुत देर कर दी आपने."

आज पुतण्याचं लग्न होतं. इकडे हिंदी मुलखातही आमच्या घरात नवरदेवाला शिंदेशाही पगडी मीच बांधतो. तो खुर्चीवर बसला, पण माझा हात छातीच्या वर जाईना.

"काका, मैं नीचे बैठ जाता हूँ ना," म्हणत तो सतरंजीवर बसला. तरी पहिलाच वेढा हातातून सुटला.

शेवटी बाड्यावरच्या बाजारातून तयार पगडी आणली.

कुणाचा इतका आखडलेला खांदा मोकळा झालाय का? खोटं असलं तरी हो म्हणा.