तो कावळा नव्हता

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सातासमुद्रापार ब्रिजटाऊनला, मुलाच्या घराच्या गॅलरीत बसून हिरव्या तुरीच्या शेंगा सोलणं. बायको म्हणाली, "तूर तर आपल्याकडच्यासारखीच निघाली. पण मला आता घरी न्या हो." मी म्हणालो, "गप सोल." संध्याकाळी ती गेली.

मुलगा इथं समुद्राकडं तोंड करून लॅपटॉपवर परक्या देशाचं काम करतो. त्यानंच आम्हाला आणलं. दहाव्याला कठड्यावर पिंड ठेवला. या बेटावर कावळा नाही. साळुंकीएवढं, पिवळ्या डोळ्यांचं काळं पाखरू आलं अन् लगेच तुटून पडलं.

"आबा, शिवला! आईची काही इच्छा राहिली नाही."

"हॉटेलातले पाव पळवणारं पाखरू ते. त्याला काय कळतंय?" मी चप्पल फेकली.

आपला कावळा ताटकळत ठेवतो. हात जोडून 'तुझं राहिलेलं मी करीन' म्हणावं, तेव्हा शिवतो. इथलं सगळंच गोडगोड आणि हावरट. समुद्रसुद्धा मेला हसतो. माझ्याकडून कुणी काही वदवूनच घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या अस्थी तिच्याच लुगड्यात बांधल्या आणि मुलाला म्हणालो, "तिकीट काढ. आम्ही निघालो."