माझ्या लाइनवर माझा मुलगा

मी चौथीपर्यंत शिकलो. पण भाईंदर पश्चिमेला एके काळी ज्या गच्च्यांवर अँटेना उभे होते, त्यातले कितीतरी माझ्या हातचे. पुढे डिश आली तशी मी केबल टाकली. इमारतीवरून इमारतीवर वायर नेली, घराच्या गॅलरीत पत्र्याचा आडोसा करून व्हीसीआर मांडला. दुपारचा पिक्चर, रात्रीचा पिक्चर, लावणारा मी. कोणी केबलवाला म्हटलं तर चालायचं. ‘ए केबलवाले’ म्हटलं तर मी त्याची वायर काढून घ्यायचो.

मुलगा त्याच वायरींत वाढला. डिप्लोमा झाला आणि कॅनडाला निघाला. त्याची आई रडली. मी तिला म्हटलं, "इथली मिठागरं बघत बसायला शिकलाय का तो?"

तिथं सुरुवातीला पडेल ते काम केलं त्यानं. मग एक दिवस शेजारच्यांकडे त्याचा फोन आला. "बाबा, मी टीव्हीवर दिसतोय." तिथल्या एका स्टेशननं आपल्या लोकांसाठी शनिवारी सकाळचा कार्यक्रम सुरू केला होता. त्यात इंडियाच्या बातम्या हिंदीत हा सांगणार. कॅमेऱ्यासमोर, कोट घालून.

त्याच संध्याकाळी मी सगळ्या लाइनला, माझी केबल होती त्या घराघरांत, सांगितलं. कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याला म्हटलं, "अपना लडका कॅनडा का टीव्ही चलाता है." चालवत नाही, दिसतो. पण एवढा फरक कोण धरतो?

कोणाच्या तरी नातेवाइकाबरोबर त्या कार्यक्रमाची कॅसेट आली. आधी घरात लावून बघायची, असं नंतर सगळे शहाणे म्हणाले. नव्या पिक्चरची कॅसेट मी तपासून घ्यायचो. पोटच्या पोराचं तोंड काय तपासून घ्यायचं? रविवारी सकाळी लावणार म्हणून मी दारोदार सांगून आलो. बायकोनं टीव्ही पुसला, उदबत्ती लावली, कॅसेटला हळदकुंकू लावायला निघाली. मी ओरडलो, मशीनचं हेड खराब होईल. मग तिनं ते व्हीसीआरला लावलं.

मी बटण दाबलं. पडद्यावर नुसते तिरके पट्टे. आणि आवाज असा, की चिखलातून एकेक पाय ओढत माणूस चालावा. जाड, दमलेला.

समोरच्या गॅलरीतून गुजराती भाई ओरडले, "काका, छोकरा किधर है? ये तो कोई बीमार बुढ्ढा बोल रहा है!"

"रुको ना भाई, लाइन में लोचा है!"

स्क्रूड्रायव्हर घेऊन मी गच्चीवर पळालो. कॅसेटचा बिघाड गच्चीवर कशाला असेल? पण जन्मभर चित्र बिघडलं की वर चढायची सवय. खाली आलो तर बायको टीव्हीला कान लावून बसलेली.

"अहो, हा बरा नाहीये."

"मशीनचा घोळ आहे तो."

"मशीन कशाला एवढं दमेल?"

दादरच्या एका दुकानात कळलं की तिकडच्या कॅसेटी निराळ्या पद्धतीच्या, आपल्या मशीनवर हळू फिरतात. त्यांनी इकडच्या पद्धतीची करून दिली. पुढच्या रविवारी पुन्हा लावली. निळा कोट, टाय, भांग मागे वळवलेला. माझा मुलगा हसत हसत भराभर बोलत होता. खिडक्यांतून टाळ्या पडल्या. फरसाणवाल्यानं जिलेबी पाठवली.

बायकोनं नीट बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "हा पगारासाठी हसतोय. माझा खरा मुलगा त्या दिवशी बोलला तो."

मी तिला अडाणी म्हटलं. जिलेबी एकट्यानं खाल्ली.

वर्षभर कॅसेटी येत राहिल्या. मी त्या दादरहून इकडच्या पद्धतीच्या करून आणायचो, लाइनवर लावायचो. पिक्चर का लावत नाही म्हणून लोक कुरकुरायला लागले, तरी लावायचो. मग कॅसेटी यायच्या थांबल्या. कोणी विचारलं की मी म्हणायचो, तिकडे बर्फ आहे, सुट्टी आहे, आणि जुनीच लावायचो. भाई हसून म्हणाले, "काका, ये न्यूज तो दिवाली में भी सुना था."

शेवटी त्याचा फोन आला. तोवर आमच्या घरात फोन आला होता.

"बाबा, कार्यक्रम बंद केला त्यांनी. जाहिराती मिळेनात. मी गोदामात लागलोय, पॅकिंगला."

मी रिसीव्हर कानाला घट्ट लावला. बातमीसाठी नाही. आवाज तो होता. पहिल्या कॅसेटचा. तसाच ओढलेला.

मी विचारलं, "लाइन खराब आहे का रे?"

"नाही बाबा. लाइन नीट आहे."

बायको शेजारी उभी होती. तिला फक्त माझं बोलणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, "घरी ये तू. इथं केबल आहे, बस आपल्या गादीवर."

तो म्हणाला, "कसा येऊ? तुम्ही सगळ्या लाइनला दाखवलंत ना मला."

तो आला नाही. आई गेली तेव्हाही नाही. तिकीट मिळालं नाही म्हणाला. मी विचारलं नाही, मिळालं नाही की काढलं नाही. पुढे मोठे केबलवाले आले, त्यांनी माझी लाइन खाल्ली. त्यांच्या पोरांनी वायरी तोडण्याआधी मीच गच्चीवर चढून माझ्या वायरी गुंडाळल्या.

मी काही खोटं सांगितलं नव्हतं. तो टीव्हीवर दिसत होता, वर्षभर दिसत होता. सांगितलं ते मी आजही मागे घेणार नाही.

अजून बाजारात कोणीतरी जुना माणूस भेटतो. "काका, मुलगा काय करतो?" मी म्हणतो, "टीव्हीत आहे." गोदामात आहे, असं एकदा म्हटलं तर इथल्या लोकांना कळेल, आणि मग त्याला यायला लाज उरणार नाही. तो येईलही. एवढं मला कळतं. घरातून निघताना ठरवून निघतो, आज सांगायचं. पण समोर माणूस उभा राहिला, की ते तोंडातून निघत नाही.