इंजिनाची खांदशेकणी

ऑइलच्या डब्याच्या तळाशी गाळ साचतो ना, तसे किस्से साचतात. वरवर काही दिसत नाही, पण डबा हलला की सगळं वर येतं! परवा आवराआवर करताना एक जुना स्पार्क प्लग हाती लागला आणि माझा डबा हलला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पुरात अडकलेली माणसं काढायला आमच्या खात्यानं पवनीजवळ वैनगंगेच्या घाटावर एक बोट दिली. मागे लटकवायचं छोटं इंजिन, आणि त्याच्या सेवेला आम्ही तिघे. मी स्टोअरकीपर, डोमाजी मेकॅनिक, झिटरू नावाडी. डोमाजी करडी गावाकडच्या धानकऱ्याचा मुलगा, बैलांत वाढलेला. इंजिनाच्या पाठीवर थाप मारल्याशिवाय स्टार्टरची दोरी ओढायचा नाही! झिटरूचा जन्म डोंग्यात गेलेला. तो इंजिनाकडे सवतीकडे पाहावं तसा पाहायचा.

*

हे इंजिन पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून प्यायचं. डोमाजी माप घेऊन ऑइल ओतायचा आणि कॅन घुसळायचा. झिटरूला ते पटेना.

"पेट्रोल देऊन राहिला ना? मंग वरून तेल कायले?"

"कोरडा भात तुह्या घशाखाली उतरते का? वरण लागते ना? तसंच!"

झिटरूनं कॅनमध्ये डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "मले त मासोळीचा रस्सा लागते. याले देऊन पाहू का?"

डोमाजीनं त्या दिवसापासून कॅनला कुलूप लावलं.

*

पण कुलपानं काय होतं? एकदा डोमाजी किल्ली माझ्याकडे देऊन सुट्टीवर गेला आणि नेमकं ऑइल संपलं. लस टोचायला आलेल्या डॉक्टरांना पलीकडे सोडायचं होतं. झिटरूनं डोकं चालवलं. घरून जवसाचं तेल आणून पेट्रोलमध्ये ओतलं!

इंजिन सुरू झालं की हो! धूर निघाला आणि सगळ्या घाटावर वडे तळल्याचा वास सुटला. पलीकडे पोचलो तर तीन म्हातारे वाट पाहत उभे. "कोनाकडं कार्यक्रम आहे जी?"

परत येताना मात्र नदीच्या मधोमध इंजिनानं मान टाकली. बांबूनं बोट ढकलत आलो. डोमाजी तीन दिवस आतला चिकटा खरवडत होता. "जवसाचं तेल देल्लं याले?" तो ओरडला.

झिटरूचा चेहरा दुखावलेला. "घाण्याचं ताजं होतं, भाऊ!"

*

मग आमच्याकडे नवे ज्युनिअर साहेब आले. अगदी पुस्तकातून उतरलेले! डोमाजी इंजिनाच्या तळाचं गिअर ऑइल काढत होता. काळं तेल निघायचं, तर निघालं दुधाच्या चहासारखं.

"यात दूध कोणी घातलं?" साहेब गरजले.

"वैनगंगा मायनं, साहेब," डोमाजी म्हणाला. सील गेलं होतं, नदीचं पाणी आत शिरलं होतं.

सील बदललं. नवं तेल तळाच्या भोकातून भरायचं असतं, म्हणजे हवा वरून निघून जाते. साहेब म्हणाले, वरून भरा, वेळ वाचेल. स्वतःच भरलं. क्षणात काठोकाठ! साहेब हात झटकतात तोच आतून मोठा बुडबुडा आला आणि तेल सरकन खाली गेलं.

डोमाजी हात जोडून म्हणाला, "पाहा जी, ढेकर देल्ला. पोट अजून रिकामंच आहे."

*

जवसाची बातमी शेवटी वर पोचलीच. हेड ऑफिसचं पत्र आलं. मोठे साहेब पाहणीला येतील, देखभाल बरी नसेल तर इंजिन परत नेण्यात येईल. डोमाजीचं जेवण सुटलं. "याले नेलं त पुरात मानसं कोन काढन?" एवढंच घोकत बसायचा. मलाही फार वाईट वाटत होतं. आणि कधी नव्हे तो झिटरू इंजिन पुसायला लागला! मी पाहत राहिलो तर म्हणतो, "सवत असली तरी घरची आहे."

त्यात डोमाजीची एक पद्धत होती. वर्षाचं गिअर ऑइल तो पोळ्याच्या आदल्या दिवशीच बदलायचा. त्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे लोणी-हळद चोळून शेकतात आणि बैलाला आवतण देतात. दुसऱ्या दिवशी बैलावर जू ठेवत नाहीत. डोमाजी इंजिनाचं तेल बदलायचा, वरच्या झाकणाला हळद लावायचा आणि कानात सांगावं तसं म्हणायचा, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या!"

त्या वर्षीही सगळं यथासांग झालं. आणि दुसऱ्या दिवशी, ऐन पोळ्याला, जीप घाटावर उभी! मोठे साहेब. कडक इस्त्री, कडक चेहरा, छापील मराठी.

त्यांनी तळाचा स्क्रू सैल करून तेलाचा थेंब बोटावर घेतला, चोळला. मग बोटीत जाऊन पुढे बसले. "इंजिन सुरू करा. पलीकडे जायचे आहे."

डोमाजीनं हात जोडले. "आज नाई जी, साहेब. आज पोळा आहे. आज याच्या खांद्यावर जू नाई ठेवत."

माझ्या पायाखालची वाळू सरकली! ज्युनिअर साहेबांनी तर डोळेच मिटून घेतले.

मोठ्या साहेबांनी मागे वळून पाहिलं नाही. "चला," एवढंच म्हणाले.

झिटरूनं बांबू घेतला, डोमाजीनं वल्हं. नदी ओलांडेपर्यंत हळद लावलेलं इंजिन मागे ऐटीत बसलं होतं. पलीकडे पोचताच साहेबांनी रजिस्टर मागितलं आणि उभ्यानंच शेरा लिहिला. मी खांद्यावरून वाचला: 'इंजिनाचा आवाज नाही. धूर नाही. तेल स्वच्छ. देखभाल उत्तम. इंजिन येथेच ठेवावे.'

रजिस्टर माझ्या हातात देऊन ते मागे गेले. इंजिनाच्या पाठीवर हलकी थाप मारली आणि डोमाजीकडे डोळे वटारून म्हणाले,

"काल आवतन देल्लं ना याले? मंग दुपार झाली तरी जेवू काहून नाई घातलं?"