सूज मोजणारे सासरे

बीड जिल्ह्यातल्या यच्चयावत शेळ्या माझ्या चुलत सासऱ्यांना ओळखतात; माणसांची खात्री देत नाही. जनावरांच्या दवाखान्यात तेहतीस वर्षं सुया टोचून ते निवृत्त झाले, त्यालाही सोळा वर्षं झाली. पण आमच्याकडे आले की आधी गोठ्यात जातात, मग घरात. "काका, मीही बरी आहे," असं माझ्या बायकोला आपणहून सांगावं लागतं. खिशात शिंप्याची टेप असते. काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, जनावरांना झटक्यात मारते आणि मेलेल्याचं मटण खाणाऱ्या माणसालाही होते; तिची लस टोचली की शेळीला सूज येते. ती ते तीन दिवस टेपने मोजतात. एका कंदुरीच्या, म्हणजे नवसाच्या बोकडाच्या, जेवणात त्यांनी पंगतीतच विचारलं, "बोकड जितं कापलं का मेल्यावर?" चौदा माणसं ताटावरून उठली.

मागच्या उन्हाळ्यात नेकनूरजवळच्या एका वस्तीवर शेळी चरता चरता कोसळली. नाकातून काळं रक्त आलेलं. काळपुळीच. सासऱ्यांनी ती कातडं न सोडवता खोल पुरायला लावली आणि बाकीच्यांना टोचायला सरकारी डॉक्टरीणबाईंना आणलं. मीही सोबत होतो. पण शेळ्यांची मालकीण हिराबाई बावीस शेळ्यांपुढे काठी आडवी धरून उभी राहिली.

"मागल्या साली टोचलं अन् माझ्या दोन शेळ्या गाभडल्या. आता कावून टोचू देऊ?"

"दुसऱ्या कशानं गाभडल्या असतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी टोपी काढली. "न्हाई. तवा मदतीला मीच आलतो. गाभण हायेत का, विचारलंच न्हाई. चूक माझी हाय, हिराबाई."

"अन् हे आता सांगता? लाज न्हाई वाटत?"

"लई वाटली. म्हणून तर सालभर इकडं फिरकलो न्हाई."

हिराबाईने काठी खाली घेतली. "टोचा. पण सुजल्या तर शेकायला तुमीच बसायचं!"

सासऱ्यांनी एकेका शेळीचं पोट चाचपलं. पाच गाभण निघाल्या, त्या बाजूला बांधल्या; सतरा टोचल्या. तीन दिवस सूज मोजली आणि खरोखर शेकलीही.

सतराही वाचल्या. न टोचलेल्या गाभण पाचांतली एक सहाव्या दिवशी काळपुळीनेच गेली. हिराबाईने सासऱ्यांपुढे चहा ठेवला. त्यांनी तो निवू दिला.

घरी आल्यावर माझं अक्षर बरं म्हणून लस बनवणाऱ्यांना पत्र लिहायला मला बसवलं. "लिवा जावईबापू, सूज कमी करा, पण आधी गाभण शेळीला चालंल अशी लस काढा."

"आणखी काही?"

"माझं वय लिवा. चौऱ्याहत्तर."

"ते कशाला?"

"म्हंजे जरा घाई करतील."