निंबाजवळचे चार धोंडे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेत देवालाही, खरं सांगायचं तर, आडून आडूनच. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून जमत असावं.

दारव्ह्याच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये मी वीस वर्षं शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग, घेतली. काय सकाळी होत्या त्या! यहोशवानं इस्राएलाच्या वंशांना देश वाटून दिला, तो धडा आला की मी फळ्याकडे जातच नसे. चुन्याची फक्की मारून चर्चच्या अंगणातच अख्खा कनान देश आखायचो. मुलं आपापल्या वंशात उभी राहायची. यहूदाचा वाटा मोठा, म्हणून तिथे रेटारेटी. लेवीला जमीनच नाही, म्हणून लेवी व्हायला कुणी तयार नसे. मग मीच लेवी व्हायचो, आणि पोरं खो खो हसायची.

शेवटी मी विचारायचो— शेजाऱ्याची सीमा सरकवू नये, ही आज्ञा फक्त शेतकऱ्यांसाठी आहे का रे? आणि मीच उत्तर द्यायचो. दुसऱ्याची वही, नळावरचा दुसऱ्याचा नंबर, दुसऱ्याचं दुःख, यांनाही बांध असतो. तो कोरायचा नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान— ही म्हण माझ्यासारख्यांसाठीच केली असेल, नाही का?

आमच्याकडे ईस्टरची पहाटेची उपासना कबरस्थानात होते. त्याआधीच्या आठवड्यात सगळ्या कबरींना चुना मारायचा. ते काम माझं. मला आवडायचंही. ओल्या चुन्याचा वास, निंबाचा मोहर, आणि आईच्या कबरीजवळ घटकाभर बसणं.

आईशेजारी थोडी मोकळी जागा होती. त्यापलीकडे चर्चमधल्या सुशीलामावशीच्या तान्ह्या मुलीची कबर, आणि तिच्याही पलीकडे तो निंब. कबर कसली, कोपऱ्यांना चार काळे धोंडे. मावशी दर ईस्टरला त्यांच्या मधोमध मोगरा ठेवायची आणि लेकीशी काहीबाही बोलत बसायची.

त्या वर्षी बाबा अंथरुणाला खिळले होते. एकच धोशा— "मले तुह्या मायच्या बाजूलेच ठेवजो." मी हो म्हटलं. पण मोकळी जागा दोन हात कमी पडत होती. मी मोजली होती— बाबा जिवंत असताना. हेही सांगायलाच हवं.

दुपारची वेळ होती. कबरस्थानात कुणी नव्हतं. मी चुन्याची बादली खाली ठेवली, आणि ते चार धोंडे एकेक करून निंबाकडे सरकवले. जुन्या खळग्यांत माती भरली. मग चौघांनाही चुना मारला. नीट, दोन हात देऊन.

पावसाळ्यात बाबा गेले. खणणाऱ्यांना जागा मीच आखून दिली. मावशीचं ते पोर माझ्या बापाच्या कबरीत गेलं.

पुढच्या ईस्टरला मावशी मोगरा घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. धोंड्यांकडे पाही, झाडाकडे पाही.

"काहो मास्तर, हा निंब पहिले इतका जवळ नव्हता नं? मले काहून असं वाटून राह्यलं?"

काय बोललो असेन मी?

"झाड वाढते, मावशी," म्हणालो. "बुंधा सुटते."

"हो नं. म्हतारी झाली मी," असं म्हणून ती स्वतःलाच हसली, खाली बसली, आणि रिकाम्या मातीशी बोलू लागली. पुढची अकरा वर्षं बोलत राहिली. मी अकराही वेळा ऐकलं. त्या अकरा वर्षांत कनानचा धडाही मी शिकवलाच.

यंदा ईस्टरनंतर मावशी गेली. तिची एकच इच्छा होती— पोरीच्या बाजूला जागा द्या. कबरस्थानाची खडान्‌खडा माहिती मला, म्हणून पाळकसाहेबांनी मलाच विचारलं, "मास्तर, जागा कुठली?"

तेव्हा तरी तोंड उघडता आलं असतं. सगळे माझ्याकडेच बघत होते. धोंडे आणि निंब यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा होती.

मी तिकडे बोट दाखवलं.