दोनहिवरीचा धुरा

विमलाबाईच्या नवऱ्याला, नत्थूला, मारलं तेव्हा ती पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, ढिगामागे उभी होती. त्याची शिदोरी घेऊन दोनहिवरी नावाच्या आपल्या वावरात आली होती. नाचणगावच्या शिवारात मे महिन्यात वखर फिरू लागतात, आणि माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात तीही याच दिवसांत. कारण धुरा. दोन वावरांच्या मधला हातभर रुंदीचा मातीचा बांध, बाकी काही नाही. पलीकडचं वावर नवऱ्याच्या चुलतभावाचं, रूपरावाचं. दर साली वखर जरासा अलीकडे घालून तो धुरा खात आला होता. त्या दिवशी नत्थू त्याच्या बैलांसमोर आडवा झाला. रूपरावाने बैल थांबवले, कडेला सोडलेल्या बैलबंडीतून कुऱ्हाड काढली आणि एक शब्द न बोलता नत्थूच्या मानेवर घातली. नत्थू दमलेल्या माणसासारखा खाली बसला. दुसरा घाव डोक्यात बसला. तिसरा कशाला घातला देव जाणे, तोवर जीव गेला होता.

विमलाबाईने पदर तोंडात कोंबला. ओरडली असती तर पुढचा घाव तिचाच होता, आणि घरी पाच वर्षांचा ओमप्रकाश होता.

दुसऱ्या दिवशी रूपरावाने धुरा जागच्या जागी नीट बांधून टाकला. भांडणाची खूणच ठेवली नाही. आपण त्या वेळी पुलगावच्या बाजारात होतो, हे सांगायला दोन माणसंही उभी केली. बैलचोरांचं काम असं गावात पसरलं. जाणत्यांना संशय होता, पण संशय चघळायला कोणाला कुठे दात झिजवावे लागतात? विमलाबाई रोज शिदोरी घेऊन वावरात जाते हे रूपरावाला ठाऊक होतं, तेव्हा ती काय सांगते एवढाच प्रश्न होता. नात्याने रूपराव तिचा भासरा, म्हणजे मोठा दीर. भासऱ्याने भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही अशी रीत. ती रीतही या माणसाने पाळली! तेराव्याला तो ओमप्रकाशला मांडीवर घेऊन बसला आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ओम्या, सांभाळून खेळत जाजो बेटा. गावातल्या विहिरी खोल हायेत."

विमलाबाईने पोलिसांना सांगितलं, मी घरी होती. कोर्टातही तेच सांगितलं. आणि पुढे पोरगा विचारू लागला तेव्हा त्यालाही तेच.

तिचं पुढचं सगळं आयुष्य या एका खोट्याची राखण करण्यात गेलं. पोरगा बापावर गेला होता, नव्हे, बापापेक्षा सवाई. कबड्डीत पाय ओढला म्हणून एकाचं डोकं फोडलं, बैलाला दगड मारला म्हणून दुसऱ्याला विहिरीच्या काठावरून लोंबता धरला. याला नाव कळलं की हा खून करणार आणि जन्म जेलात काढणार. भाकर कधी उलटायची हे जसं तिला कोणी सांगायची गरज नसे, तसंच हेही. एवढं करून ओमप्रकाश रूपरावाला मोठेबाबा म्हणायचा, पोळ्याला त्याचेच बैल सजवायचा. ते सगळं बघूनही रूपराव पडवीत येऊन बसला की विमलाबाई त्याच्यासाठी चहा ठेवायची.

एक्याऐंशीच्या मे महिन्यात वर्ध्याच्या कॉलेजातले प्राध्यापक मधुकरराव आपले पीएचडीचे विद्यार्थी घेऊन नाचणगावला आले. हंगाम संपून बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग गिरणीचा बंगला त्यांना कोणी तरी वापरायला दिला होता. घरी या मंडळींचं लिहिणं होत नाही. कोणाला नोकरी, कोणाला मुलं, कोणाला नुसताच आळस. म्हणून महिनाभर इथे कोंडून घ्यायचं आणि प्रबंध संपवायचा. मधुकररावांचा नियम एकच होता. दिवसभरात जे लिहिलं ते दिवेलागणीला अंगणात बसून मोठ्याने वाचायचं. गावकऱ्यांनाही मज्जाव नव्हता. उलट, ज्यांच्याबद्दल लिहिता त्यांच्या कानावर ते पडू द्या, असं ते म्हणत. वाक्य मोठं छान आहे. पुस्तकात शोभेल.

स्वयंपाकाला विमलाबाई होती. विद्यार्थ्यांत अच्युत नावाचा चष्मेवाला मुलगा होता, वर्ध्याच्या एका हेडक्लार्कचा. त्याचा विषय धुऱ्यावरची भांडणं. तो रोज चुलीपाशी येऊन बसायचा, तूर निवडू लागायचा, 'मावशी' म्हणायचा. पंधरा वर्षांत तिच्याशी इतकं मऊ कोणी बोललं नव्हतं. एका दुपारी पंख्याविना घामाने निथळत, तांदळातले खडे वेचता वेचता तिने त्याला सगळं सांगून टाकलं. सांगून झाल्यावर तिला हलकं वाटलं आणि लगेच भीती वाटली.

"नाव नाई यिऊ देजा, अच्युतभाऊ. माह्या पोराले कळन."

"मावशी, शपथ घेतो. गावाचं नाव बदलतो, माणसांची नावं बदलतो, सर्व्हे नंबरसुद्धा काढून टाकतो."

आणि त्याने शब्द पाळला. गावाचं 'क' केलं, नत्थूचा 'अ' केला, रूपरावाचा 'ब'. फक्त वावराचं नाव ठेवलं. त्याच्या लेखी जमिनीला नंबर असतो, नाव ही नुसती शोभा. शहरातल्या पोराला काय ठाऊक, की इकडे एका नावाचा माणूस गावात दुसरा सापडेल, वावर सापडणार नाही!

त्या संध्याकाळी विमलाबाई चुलीवर पोळी टाकत होती. तिला घरी न्यायला ओमप्रकाश सायकल घेऊन आला होता आणि अंगणाच्या कडेला बिडी ओढत उभा होता. अच्युतचा आवाज आत आला. "दोनहिवरी नावाच्या शेतात..."

पोळी तव्यावर जळाली. ती उठून दाराशी येईपर्यंत अच्युतचं पान पुढे गेलं होतं. 'ब' हा मृताचा चुलतभाऊ, पलीकडच्या शेताचा मालक. प्रत्यक्ष पाहणारी एकच, मृताची पत्नी. मुलाच्या जिवाच्या भीतीने ती गप्प राहिली. ओळीमागून ओळ, शुद्ध, स्वच्छ मराठीत. दोन-चार गावकरी बसले होते. त्यांच्या माना हळूहळू ओमप्रकाशकडे वळल्या.

तो दाराशी आला. चेहरा मातीसारखा झाला होता.

"माय, तू तेथीच होती?"

तिने त्याचं मनगट धरलं.

"मी मोठेबाबा म्हनून पाया पडतो त्याच्या. तू पाहून राह्यली होती? काऊन?"

"ओम्या, घरी चाल. घरी सांगतो सारं."

त्याने तिला बाजूला ढकललं, स्वयंपाकघराच्या मागे लाकडं फोडायची कुऱ्हाड होती ती उचलली आणि फाटकाकडे निघाला. धावत नव्हता. धावला असता तर ठेच तरी लागली असती. रूपराव या वेळी पारावर बसलेला असतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मधुकरराव "अरे, थांबवा त्याला!" म्हणाले. थांबवायला कोणी उठलं नाही. अच्युत हातात पान धरून तसाच उभा होता.

विमलाबाईने कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि धावली. फाटकाशी तिने त्याला गाठलं. पहिला घाव मागून खांद्यावर घातला. तो वळला. कुऱ्हाड वर गेली, आणि क्षणभर तिला वाटलं, घालतो हा. घालू दे, असंही वाटलं. पण हात वरच राहिला. त्याच हाताच्या कोपरावर तिने सगळं बळ एकवटून मुसळ आणलं. हाड मोडल्याचा आवाज अंगणापर्यंत आला. कुऱ्हाड पडली. त्याने डाव्या हाताने ती पुन्हा उचलायला वाकून पाहिलं, तेव्हा तिने गुडघ्यावर घाव घातला. मग तो खाली पडल्यावर, मोडलेल्याच कोपरावर आणखी एक. पोटच्या पोरावर हा चौथा घाव कशासाठी, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जुळून आला तरी तो हात कुऱ्हाड उचलण्याजोगा राहायला नको होता.

तो गुरासारखा ओरडत होता. ती त्याच्या छातीवर बसली, कुऱ्हाड विहिरीत फेकायला सांगितली आणि म्हणाली, "टांगा आना."

दवाखान्यात अच्युत रडत आला. प्रकरण फाडून टाकतो म्हणाला. "आता फाडून काय व्हते?" ती म्हणाली. "त्यानं आयकलं." अच्युत पुढे पीएचडी झाला, प्रबंधात ते प्रकरण न घालता.

रूपरावही आला, पिशवीत मोसंबी घेऊन. त्याला सगळं कळलं होतं. पोराच्या प्लास्टरकडे पाहून त्याच्या जिवात जीव आलेला दिसत होता. विमलाबाईने डोक्यावरचा पदर काढला आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघून बोलली.

"हात मी मोडला. तुमच्यासाठी नाई, त्याच्यासाठी मोडला. आता पुन्हा कधी आमच्या समोर आले, तं कुऱ्हाड मीच घालीन. मले कोनी थांबवनारं नाई."

मोसंबी तिथेच टाकून तो गेला.

ओमप्रकाशचा हात वाकडाच जुळला. घरी आल्यावर त्याने पडवीत वेगळी चूल मांडली. एका घरात मायलेकांच्या दोन चुली! डाव्या हाताने भाकर थापायचा, ती फाटायची, करपायची, तो तीच खायचा. आतल्या चुलीवरची गरम भाकर त्याला दिसायची, आणि त्याची काळी भाकर तिला. वर्षामागून वर्षं गेली, पण तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. लग्नाच्या गोष्टी आल्या, वाकडा हात बघून मोडल्या. तिच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. पण मी चुकली असं ती कोणाला म्हणाली नाही, कारण तिला तसं वाटत नव्हतं.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात रूपराव म्हातारपणाने, आपल्या खाटेवर, नातवंडांच्या गराड्यात मेला. अशांना असंच मरण येतं. भाऊबंदकी म्हणून ओमप्रकाशला जावं लागलं. लाकडं रचेपर्यंत थांबून तो परतला, विहिरीवर आंघोळ केली आणि ओल्या अंगाने आत येऊन तिच्यासमोर बसला.

"त्याले मी मारला असता, माय."

"हो."

"मले मारू द्याचा होता."

"नाई."

वाकड्या हातावरून पाणी गळत होतं.

"तुले माफ नाई केलं मी," तो म्हणाला. "भूक लागली. वाढ."

तिने ताट घेतलं आणि वाढलं.